न्हाणीघराची सफाई आणि वृद्धांचा श्वास

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या अकोट तालुक्यात पाण्याच्या दोन तऱ्हा आहेत. डोंगराकडील गावांत विहिरीचे पाणी गोड लागते; दक्षिणेस पूर्णा नदीकडे जावे तसतसे ते खारट व मचूळ होत जाते. अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला हाच तो खारपाणपट्टा होय. वान धरणाच्या पाण्याची नळयोजना झाल्यापासून पिण्याच्या पाण्याची अडचण पुष्कळ गावांत कमी झाली आहे. तथापि धुणे व सफाई यांसाठी अनेक घरी बोअरचेच पाणी वापरले जाते. त्यातील क्षारांमुळे साबणास नीट फेस येत नाही, आणि फरशीवर, नळांवर व शौचालयाच्या भांड्यावर पांढरट पापुद्रा धरतो. तो नुसत्या घासण्याने निघत नाही, म्हणून घरात ॲसिडची बाटली येते. या बाटलीपासून घरातील वृद्ध माणसांच्या फुप्फुसांस काय अपाय होऊ शकतो, याचा विचार मात्र क्वचितच केला जातो.

अपाय कसा होतो?

फरशी धुण्याचे ॲसिड म्हणजे बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल होय. ते पापुद्र्यावर ओतताच फसफसते, क्षार विरघळतात आणि त्या फेसाबरोबर आम्लाची वाफ वर येते. ही वाफ नाक, घसा व श्वासनलिका यांचा दाह करते. पूर्वी न्हाणी परसात, उघड्यावर असे. वाफ वाऱ्यावर निघून जाई. आता न्हाणीघर व शौचालय चार भिंतींच्या आत आले आहे. खोली लहान, झरोका अपुरा आणि दार लावलेले, अशा जागी तीच वाफ कोंडून राहते.

याहून मोठा धोका दोन द्रव्ये एकत्र करण्यात आहे. विहिरीच्या शुद्धीकरणासाठी वापरली जाणारी ब्लीचिंग पावडर, अथवा बाजारात बाटलीत मिळणारे ब्लीच, यांत ॲसिड पडले की क्लोरीन वायू तयार होतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जममधील ईप्र येथे पहिल्या महायुद्धात शत्रूवर सोडण्यात आलेला वायू हाच. तो हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असल्याने जमिनीलगत साचतो. आणि फरशी घासणारी व्यक्ती तर उकिडवी बसलेली असते. तिचे नाकतोंड नेमके त्याच थरात येते. तोंडाला बांधलेला रुमाल अथवा पदर हा वायू अडवू शकत नाही.

वृद्धांसच अधिक भय का?

वयोमानानुसार फुप्फुसांची शक्ती कमी होते आणि खोकून कफ बाहेर टाकण्याची ताकदही घटते. त्यातच कित्येकांची फुप्फुसे चुलीच्या धुराने, बिडीने वा जिनिंगमधील कापसाच्या धुळीने आधीच दुबळी झालेली असतात. तरुणास जो ठसका मिनिटभरात ओसरतो, तो अशा वृद्धास दम्याच्या झटक्यापर्यंत नेऊ शकतो. वेचणीच्या दिवसांत तरुण मंडळी शेतात असता घरची सफाई बहुधा सासूबाईंकडेच येते. त्यांना धाप लागली तर ‘वयाचा दमा’ म्हणून ती सोडून दिली जाते, आणि खरे कारण बाटलीतच राहते.

रोजच्या वापराचाही परिणाम साचत जातो. नॉर्वेतील बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सहा हजारांहून अधिक स्त्रीपुरुषांच्या श्वासशक्तीची सुमारे २० वर्षांच्या काळातील नोंद होती. घरी वा नोकरीत सफाई करणाऱ्या स्त्रियांची श्वासशक्ती इतर स्त्रियांपेक्षा अधिक वेगाने घटल्याचे तीत आढळून आले. पुरुषांत मात्र तसा संबंध दिसला नाही.

काय करावे?

१) न्हाणे आटोपताच फरशी वायपरने वा फडक्याने कोरडी करावी. पाणी फरशीवर वाळले नाही तर पापुद्रा धरतच नाही. हा बिनखर्ची उपाय सर्वांत उत्तम होय.

२) धरलेल्या पापुद्र्यावर लिंबाचा रस किंवा पाण्यात विरघळवलेले लिंबूसत्त्व लावून अर्धा तास ठेवावे व मग घासावे. यांतही आम्ल असल्याने ब्लीचबरोबर ही द्रव्येसुद्धा वापरू नयेत.

३) एका वेळी एकच द्रव्य वापरावे. दुसरे वापरण्यापूर्वी जागा भरपूर पाण्याने धुवून टाकावी.

४) ॲसिड वापरणे अटळ असेल तर ते काम घरातील निरोगी तरुण व्यक्तीने, दारे-खिडक्या उघडून करावे. वृद्ध, दमेकरी व मुले यांना तेवढा वेळ अंगणात बसवावे.

५) ॲसिड सरबताच्या वा पाण्याच्या बाटलीत कधीही ठेवू नये. मूळ बाटलीत, चिठ्ठीसह, मुलांचा हात न पोचेल अशा जागी ठेवावे.

६) नवीन न्हाणीघर बांधताना झरोक्यासाठी जागा अवश्य सोडावी.

वायू अंगावर आल्यास

सांडलेले आवरण्यात वेळ न घालविता तत्काळ मोकळ्या हवेत यावे. डोळे चुरचुरत असल्यास स्वच्छ पाण्याने धुवावे. धाप, छातीत आवळल्यासारखे वाटणे किंवा न थांबणारा खोकला असेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि कोणती द्रव्ये एकत्र झाली ते डॉक्टरांस सांगावे. प्रथम बरे वाटले तरी फुप्फुसांत काही तासांनी पाणी साचू शकते. म्हणून त्या रात्री वृद्धास एकटे झोपू देऊ नये.

ग्रामपंचायतीचे कर्मचारी व आशा कार्यकर्त्या यांनी ब्लीचिंग पावडर वाटताना ‘हिच्यात ॲसिड मिसळू नये’ हे एक वाक्य प्रत्येक घरी सांगावे. पावडरीच्या पुडीबरोबर ही सूचना गेली, तरच ती पुडी घराला खरी उपयोगी पडेल.