आपले संकेतस्थळ : साधन कोणते निवडावे?

समजा तुम्ही घराच्या गच्चीवर एक पर्जन्यमापक ठेवला आहे. रोज सकाळी ठरलेल्या वेळी पाऊस मोजून तुम्ही तो वहीत लिहिता. जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत १२२ नोंदी होतात. ही वही इतरांनाही पाहता यावी म्हणून तुम्हाला स्वतःचे संकेतस्थळ, म्हणजेच वेबसाइट, तयार करायची आहे. त्यासाठी आज इतकी साधने मिळतात की नवखा माणूस गोंधळून जातो. प्रत्येक जाहिरात म्हणते, आमचेच साधन सर्वांत सोपे. मग निवड करायची कशी?

प्रयोगशाळेत आपण काय करतो? तारेचा व्यास मोजायला स्क्रू गेज घेतो, पण टेबलाची लांबी मोजायला मीटरपट्टी पुरते. काय मोजायचे आहे, त्यावर उपकरण ठरते. इथेही नियम तोच. आपल्या पावसाच्या वहीची गरज काय, हे आधी पाहू या. एखाद्या ठिकाणचे हवामान सांगताना शास्त्रज्ञ सर्वसाधारणपणे ३० वर्षांच्या नोंदींची सरासरी घेतात. जागतिक हवामान संघटनेने हाच कालावधी प्रमाण मानला आहे. म्हणजे तुमच्या नोंदींचे मोल वर्षागणिक वाढत जाणार. तेव्हा साधन 'सोपे' आहे, ह्याचा अर्थ आज अर्ध्या तासात पान तयार होते एवढाच घेऊन चालणार नाही. ते पान वीस-तीस वर्षांनीही उघडता आले पाहिजे.

संकेतस्थळ म्हणजे काय?

संकेतस्थळ म्हणजे मुळात काही फायली. त्या सदैव चालू असलेल्या एका संगणकावर ठेवलेल्या असतात. ह्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. तुम्ही पत्ता टाकला की तुमचा ब्राउझर सर्व्हरकडे फाइल मागतो, ती आली की वाचतो आणि तिच्यातील सूचनांप्रमाणे पडद्यावर पान मांडतो. ह्या सूचना ज्या भाषेत लिहितात तिचे नाव एचटीएमएल. ती साधी आहे. गणितातील 'पेक्षा लहान' आणि 'पेक्षा मोठे' ह्या दोन चिन्हांच्या मध्ये एखादे अक्षर लिहून खूण करायची. एक खूण सांगते, इथून परिच्छेद सुरू झाला. दुसरी सांगते, हे शीर्षक आहे. बाकी सर्व मजकूर तुमचाच.

ही पद्धत टिम बर्नर्स-ली ह्यांनी जिनीव्हाजवळच्या सर्न ह्या संशोधन संस्थेत विकसित केली. त्यांनी १९८९ मध्ये आपली योजना मांडली आणि १९९१ मध्ये पहिले संकेतस्थळ जगासाठी खुले झाले. १९९३ मध्ये सर्नने हे तंत्र कोणतेही शुल्क न घेता सर्वांना वापरू दिले. त्या काळी लिहिलेली साधी पाने आजच्या ब्राउझरमध्येही वाचता येतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

साधनांचे तीन प्रकार

पहिला प्रकार हाताने लिहिण्याचा. नोटपॅडसारख्या साध्या साधनात एचटीएमएल लिहायचे आणि फाइल सर्व्हरवर ठेवायची. अशा फायली विनामूल्य ठेवण्याची सोय गिटहब पेजेस आणि निओसिटीज ह्यांसारख्या ठिकाणी आहे. सुरुवातीला दोन-चार दिवस शिकावे लागते. मात्र फाइल तुमच्याच संगणकावर असते, सर्व्हरवर असते ती तिची प्रत.

दुसरा प्रकार चित्रासारखे पान मांडण्याचा. गूगल साइट्स आणि विक्स ही ह्याची उदाहरणे. चौकट उचलायची, हवी तिथे ठेवायची, त्यात मजकूर भरायचा. खुणा शिकण्याची गरज नाही. आठवड्यावर आलेल्या विज्ञान प्रदर्शनासाठी पान हवे असेल, तर हे साधन फार चांगले. पण पान त्या कंपनीच्या यंत्रणेत घडते आणि तिथेच राहते.

तिसरा प्रकार वर्डप्रेसचा. हे साधन २००३ मध्ये सुरू झाले. त्याची आज्ञावली सर्वांना खुली आहे. त्यात लेख एका माहितीसंचात साठवले जातात आणि कोणी पान मागितले की त्यातून ते तयार होते. शाळेतील अनेकजण मिळून वरचेवर लिहिणार असतील, तर हे सोयीचे. सगळे लेख एका फाइलमध्ये बाहेर काढण्याची सोयही त्यात आहे. मात्र ते स्वतः चालवायचे ठरवले, तर सुरक्षिततेसाठी त्याच्या नव्या आवृत्त्या वेळोवेळी बसवाव्या लागतात. नुसती पावसाची नोंद ठेवायला एवढा व्याप कशाला?

साधन बंद पडले तर?

जिओसिटीज नावाची एक सेवा १९९४ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. तिथे लक्षावधी लोकांनी आपली पहिली पाने विनामूल्य तयार केली. १९९९ मध्ये याहू कंपनीने ती विकत घेतली आणि २००९ मध्ये अमेरिकेतील सेवा बंद केली. काही स्वयंसेवकांनी धावपळ करून बरीच पाने वाचवली, तरी सगळी वाचली नाहीत. सेवेचे आयुष्य किती झाले? १५ वर्षे. आपल्याला हवी होती ३० !

दुसरे उदाहरण फ्लॅशचे. हलती चित्रे आणि खेळ असलेली कितीतरी संकेतस्थळे एकेकाळी फ्लॅश वापरून बनवली जात. अडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याला आधार देणे थांबवले आणि ब्राउझरनीही ते काढून टाकले. फायली जागेवर होत्या, पण त्या उघडणारे साधन उरले नाही. सर्नची साधी पाने मात्र अजून वाचता येतात. दोन्ही उदाहरणांवरून एकच गोष्ट दिसते. मजकूर साध्या, सर्वांना खुल्या स्वरूपात असावा आणि त्याची एक प्रत आपल्याजवळ असावी.

मराठी अक्षरांचे वजन

२००० सालच्या सुमारास अनेक मराठी संकेतस्थळे स्वतःचा निराळा फाँट वापरत. तो आपल्या संगणकावर नसला की पडद्यावर नुसती अगम्य चिन्हे दिसत. आता युनिकोड ह्या प्रमाण पद्धतीमुळे प्रत्येक देवनागरी चिन्हाला ठरावीक क्रमांक आहे. म्हणून कोणतेही साधन निवडा, मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. फाइल 'यूटीएफ-८' ह्या पद्धतीने साठवा. तीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला ३ बाइट जागा लागते. 'मराठी' ह्या शब्दात म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी ५ चिन्हे, म्हणजे १५ बाइट.

आता थोडे गणित करू. पावसाच्या एका नोंदीला खुणांसह फार तर १०० बाइट लागतील. १२२ नोंदींचे १२,२०० बाइट झाले. ३० वर्षांचे ३,६६,००० बाइट. मोबाइलवर काढलेले एक छायाचित्र सहज ३६ लाख बाइटांचे असू शकते. म्हणजे तीस पावसाळे एका छायाचित्राच्या सुमारे दहाव्या भागात मावतात ! सेकंदाला १० लाख बिट एवढ्या मंद जोडणीवर एका पावसाळ्याचा तक्ता सुमारे ०.१ सेकंदात उतरेल, तर छायाचित्राला जवळजवळ २९ सेकंद लागतील. खेड्यातील वाचकाचा विचार करा आणि छायाचित्रे लहान करूनच पानावर ठेवा.

निवडण्यापूर्वी तीन प्रश्न

एक : माझा मजकूर ह्या साधनातून बाहेर काढता येतो का, आणि कोणत्या स्वरूपात?
दोन : फुकट मुदत संपल्यावर दरवर्षी पैसे किंवा देखभाल किती?
तीन : माझ्याजवळ जे आहे त्यावर, म्हणजे शाळेच्या संगणकावर किंवा मोबाइलवर, हे काम होते का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर ते साधन कितीही सोपे असो, दीर्घकाळच्या नोंदींसाठी घेऊ नका. आणखी एक सूचना. खाते उघडताना वयाची अट वाचा व पालकांना किंवा शिक्षकांना बरोबर घ्या. घराचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक पानावर देऊ नका. पर्जन्यमापकाचे ठिकाण सांगायला गावाचे व तालुक्याचे नाव पुरे.

करून पाहा

हा प्रयोग इंटरनेटशिवाय होतो. नोटपॅडमध्ये आठवडाभराच्या पावसाच्या सात ओळी मराठीत लिहा. फाइलच्या नावाच्या शेवटी 'डॉट एचटीएमएल' लावून ती साठवा आणि ब्राउझरमध्ये उघडा. सातही ओळी एकापुढे एक चिकटून आलेल्या दिसतील. असे का झाले? ब्राउझर नुसत्या नव्या ओळीला एक मोकळी जागा समजतो. ओळ कुठे तोडायची, हे त्याला खुणेनेच सांगावे लागते. आता प्रत्येक ओळीच्या आधी परिच्छेदाची खूण घाला. वर सांगितलेल्या दोन चिन्हांच्या मध्ये इंग्रजी 'पी' हे अक्षर लिहायचे, एवढेच. फाइल पुन्हा साठवून उघडा आणि काय फरक पडला ते वहीत लिहा. सात ओळी नीट वेगळ्या दिसल्या, की तुमच्या संकेतस्थळाचे पहिले पान तयार झाले असे समजा.