अबोल मैत्रीण

बाजाराच्या दिवशी अनसिंगसारख्या गावात केवढा गलबला असतो! बहुतेक मुले त्यात रमतात. परंतु एखादे मूल कानांवर हात ठेवून दूर उभे राहते. हाक मारली तरी वळून पाहत नाही. त्यास कोणी हट्टी म्हणते, कोणी गर्विष्ठ. वस्तुतः ते स्वमग्न असू शकते.

स्वमग्नता ही मेंदूच्या जडणघडणीतील भिन्नता होय. १९४३ साली लिओ कॅनर या डॉक्टरांनी अशा ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. ती संसर्गाने जडत नाही आणि आईबापांच्या लाडानेही उद्भवत नाही.

लहानग्यांना हे उपदेशापेक्षा चित्रांनी लवकर उमजते. २०१५ साली अमेरिकेतील ‘सेसमी स्ट्रीट’च्या एका चित्रपुस्तकात ज्यूलिया ही स्वमग्न मुलगी अवतरली. नवी मैत्रीण बोलावयास येते, पण झोका घेणारी ज्यूलिया गप्पच! ‘मी हिला आवडत नाही,’ असे त्या मैत्रिणीस वाटते. तेव्हा एल्मो हा मित्र उलगडा करतो, की झोका घेताना बोलणे ज्यूलियास कठीण जाते. मग वाचक मागचे पान पुन्हा उलटतो. चित्र तेच, अबोलाही तोच. परंतु आता त्यात गर्व दिसत नाही.

माणसाविषयी मत बनविण्यापूर्वी असेच एक पान मागे उलटून पाहावे.