पायाखालचा गंज

रायगडच्या किनाऱ्यावर जुन्या मोटारीचा तळ अनेकदा आतून सडतो. पायाखालच्या गालिच्याखाली फेल्ट किंवा फोम असतो, त्याखाली आवाज दाबणारा डांबरी थर आणि मग जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा पत्रा. फेल्टमध्ये मुरलेले पाणी सहजी सुकत नाही. वरून गालिचा कोरडा लागतो, खाली मात्र ओल आठवडेच्या आठवडे टिकते.

गंजाला ओल आणि हवा पुरते. मिठाने त्याचा वेग वाढतो. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की साधे मीठ ओलावा ओढून विरघळते. समुद्राच्या मिठातल्या मॅग्नेशियम क्लोराइडला ३३ टक्केही पुरतात. त्यामुळे अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडे पावसाळा सरला तरी खारावलेल्या पत्र्याची ओल हटत नाही. पुळणीवर गाडी घातली, तर खारी वाळू तळाच्या सांध्यांत जाऊन बसते.

पाणी कुठून येते, हे आधी शोधावे. एसी चालवल्यावरच ओल दिसत असेल, तर त्याची निचरा नळी तुंबलेली असते. पावसानंतर दिसली, तर काचेचे रबर, दारांची निचरा भोके आणि तळाची रबरी बुचे तपासावीत. वाडीत झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत पुढच्या काचेखालची पन्हळ पाल्याने भरते आणि पाणी आत उतरते. पाणी चिकट, गोडसर वासाचे असेल, तर ते हीटरमधून गळणारे कूलंट समजावे.

मग सीट काढून गालिचा उचलावा. फेल्ट गोड्या पाण्यात धुऊन उन्हात कडकडीत वाळवावा. कुजला असल्यास बदलावा. फुगलेला डांबरी थर खरवडून पत्रा स्क्रू-ड्रायव्हरने ठोकून पाहावा. टणक लागला, तर तारेच्या ब्रशने गंज काढून, मीठ धुऊन, पूर्ण सुकवून इपॉक्सी प्रायमर व रंग द्यावा. टोक आत घुसले, तर सडका भाग कापून नवा पत्रा वेल्ड करावा आणि सांधे सीलरने बुजवावेत. वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडवावी, इंधनाच्या नळ्या आणि गालिचे दूर करावेत.

ओल्या किंवा गंजक्या पत्र्यावर थेट अंडरकोटिंग मारल्यास ओल आत कोंडते आणि गंज झाकला जाऊन वाढत राहतो. सीट किंवा सीटबेल्ट जिथे बोल्टने बसवलेले असतात तिथला पत्रा किंवा दाराखालचा उंबरा सडला असेल, तर प्रश्न थेट जिवाच्या सुरक्षिततेचा असतो. अशी गाडी दुरुस्तीआधी चालवू नये.