गाडी वेळेवर, पण गार्ड कुठे गेला? योकोहामाच्या रेल्वेतले संप आणि माणसांची टंचाई

(सुरुवातीची धून)

 

आजचा विषय आहे रेल्वे. पण कुठला पास स्वस्त पडतो आणि कुठे गाडी बदलायची, हे आज नाही. आज बोलायचंय ते गाडी चालवणाऱ्या माणसांबद्दल. आपल्या भागात ही माणसं कमी होत चालली आहेत. गाड्या वेळेवर येतात, म्हणून आपल्याला ते चटकन जाणवत नाही एवढंच.

जरा बारकाईने पाहिलंत तर खुणा दिसतात. मार्च २०२३ पासून तोक्युच्या तोयोको लाइनवर शेवटच्या डब्यात गार्ड नसतो. दारं उघडणं, बंद करणं, सगळं चालकच करतो. इथे याला 'वानमान' म्हणतात. मार्च २०२५ पासून जेआरच्या नाम्बु लाइनवरही तसंच झालं. योकोहामा लाइन आणि नेगिशी लाइनवरच्या ८ डब्यांच्या गाड्या २०२६ च्या वसंतापासून अशाच चालवायच्या, असं जेआर ईस्टने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं. यामानोते, केइहिन-तोहोकु या लाइन्सही २०३० च्या सुमारापर्यंतच्या यादीत आहेत. आपल्या महापालिकेच्या ब्लू लाइन आणि ग्रीन लाइनवर तर ही पद्धत २००७-०८ पासूनच आहे.

आणखी एक खूण म्हणजे शेवटची गाडी. मार्च २०२१ मध्ये जेआर ईस्टने तोक्यो परिसरातल्या शेवटच्या गाड्या साधारण अर्ध्या तासाने अलीकडे आणल्या. रात्री लोक कमी फिरू लागले हे कारण होतंच, पण रूळ दुरुस्त करणारे कामगार मिळत नाहीत, आहेत त्यांना रात्री जरा जास्त वेळ द्यायला हवा, हेही कारण होतं. मग तिकिटाच्या खिडक्या, म्हणजे 'मिदोरी नो मादोगुची'. या ४४० खिडक्यांच्या १४० करायच्या असं २०२१ मध्ये ठरलं होतं. निम्म्याहून जास्त बंद झाल्यावर उरलेल्यांपुढे इतक्या लांब रांगा लागल्या, की मे २०२४ मध्ये कंपनीला ही कपात थांबवावी लागली.

आता प्रश्न असा, की एवढं सगळं बदलत असताना कामगार काहीच का बोलत नाहीत? मुंबईत मे २०१० मध्ये मोटरमन उपोषणाला बसले तेव्हा लोकलची काय अवस्था झाली होती, ते आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. इथे तसं का होत नाही? याचं उत्तर शोधायला थोडं मागे जावं लागेल.

(छोटी धून)

जपानची पहिली रेल्वे १८७२ मध्ये सुरू झाली, ती शिम्बाशी ते योकोहामा. तेव्हाचं योकोहामा स्टेशन म्हणजे आजचं साकुरागिचो. आपल्याकडे बोरीबंदर-ठाणे गाडी धावली १८५३ मध्ये, म्हणजे १९ वर्षं आधी. गंमत अशी, की माणसांची टंचाई इथल्या रेल्वेत पहिल्या दिवसापासून होती. इंजिन चालवायला येणारे जपानी लोकच नव्हते. चालक ब्रिटिश होते. जपानी चालक याच मार्गावर इंजिन हाकू लागले ते १८७९ मध्ये.

पुढे १८९८ मध्ये निप्पोन तेत्सुदो या खासगी रेल्वेच्या इंजिन चालकांनी संप केला. मागणी पगाराची होती, तशीच मानाचीही होती. आपल्या पदाचं नाव कमीपणाचं आहे, ते बदला, असं त्यांचं म्हणणं होतं. ते मान्यही झालं. तुम्हाला वाटेल, नावात काय आहे? पण आपल्याकडेही गार्डचं पद जानेवारी २०२२ मध्ये 'ट्रेन मॅनेजर' झालं, ते कर्मचाऱ्यांच्या जुन्या मागणीवरूनच. आणि जपानमधल्या त्या संपानंतर एकाच वर्षाने, १८९९ मध्ये, आपल्या जीआयपी रेल्वेच्या सिग्नलरांनी संप केला. तेव्हा टिळकांच्या 'केसरी' आणि 'मराठा'ने त्यांची बाजू उचलून धरली होती.

दोन्ही देशांतला आणखी एक योगायोग सांगतो. भारतातला मोठा रेल्वे संप झाला ८ ते २७ मे १९७४ या काळात, जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली. जपानमधला मोठा संप झाला त्याच्या पुढच्याच वर्षी.

त्याची पार्श्वभूमी अशी. दुसऱ्या महायुद्धानंतर, अमेरिकेच्या ताब्याच्या काळात, १९४८ मध्ये सरकारी नोकरांचा संपाचा हक्क काढून घेण्यात आला. १९४९ मध्ये राष्ट्रीय रेल्वेचं महामंडळ झालं, 'कोकुतेत्सु'. त्याच्या कर्मचाऱ्यांनाही संपाला बंदीच राहिली. मग संघटनांनी दुसरा मार्ग काढला. त्याचं नाव 'जुम्पो तोसो', म्हणजे नियमावर बोट ठेवून काम. पुस्तकात लिहिलेला प्रत्येक नियम अक्षरशः पाळायचा. जरा शंका आली की गाडी थांबवायची. कायदा कुठेच मोडायचा नाही, पण वेळापत्रक कोलमडायचं. रोजची गाडी वेळेवर धावते ती माणसांच्या सवडीवर आणि सांभाळून घेण्यावर, हे त्यातून उघडं पडलं.

पण झळ बसली ती प्रवाशांना. मार्च १९७३ मध्ये साइतामातल्या आगेओ स्टेशनवर गर्दीत अडकलेल्या लोकांनी मोडतोड केली. एप्रिलमध्ये तोक्यो भागातल्या अनेक स्टेशनांवर एकाच रात्री दंगल झाली. संघटनांवरची लोकांची मर्जी तिथून उतरायला लागली.

आणि मग २६ नोव्हेंबर १९७५. संपाचा हक्क मिळावा म्हणूनच संप. 'सुतोकेन सुतो'. राष्ट्रीय रेल्वे देशभर आठ दिवस बंद. पण सरकार नमलं नाही, आणि संघटनांचा अंदाजही चुकला. योकोहामाचंच उदाहरण घ्या. राष्ट्रीय रेल्वे बंद होती, पण केइक्यु, तोक्यु, सोतेत्सु या खासगी गाड्या चालू होत्या. लोक दाटीवाटीने का होईना, कामावर पोहोचले. भाजीपाला, मासळी ट्रकने आली. रेल्वेवाचूनही निभतं, हे मालवाहतूक करणाऱ्यांच्या लक्षात आलं. पदरात काहीही न पडता संप मागे घ्यावा लागला, वर कोकुतेत्सुने संघटनांवर २०२ अब्ज नव्हे, पण २०.२ अब्ज येनच्या भरपाईचा दावा ठोकला.

पुढे १ एप्रिल १९८७ ला कोकुतेत्सुचे तुकडे होऊन जेआर कंपन्या झाल्या. तेव्हा डोक्यावर सुमारे ३७ लाख कोटी येनचं कर्ज होतं. १९८० च्या सुमाराला चार लाखांवर कर्मचारी होते. नव्या कंपन्यांत सुमारे दोन लाखच घेतले गेले. विरोध करणाऱ्या संघटनेच्या अनेक सभासदांना बाहेर ठेवलं गेलं. १९९० मध्ये काढून टाकलेल्या १,०४७ जणांचा वाद मिटला तो थेट २०१० मध्ये. वीस वर्षं! घरात ज्यांनी हे पाहिलं, त्यांच्या मुलांनी संघटनेपासून चार हात लांबच राहायचं ठरवलं असेल, तर नवल नाही.

(छोटी धून)

मग आज इथे संप करता येतो का? येतो, पण सगळ्यांना नाही.

जेआर आता खासगी कंपनी आहे. त्यामुळे जेआर, केइक्यु, तोक्यु, सोतेत्सु यांच्या कर्मचाऱ्यांना संपाचा हक्क आहे. अट एवढीच, की निदान दहा दिवस आधी नोटीस द्यायची, कारण रेल्वे ही लोकांच्या गरजेची सेवा आहे. महापालिकेच्या ब्लू आणि ग्रीन लाइनच्या कर्मचाऱ्यांना मात्र कायद्याने संप करता येत नाही.

योकोहामात झालेल्या संपाचं अलीकडचं उदाहरण म्हणजे सोतेत्सुचं. २० मार्च २०१४ ला पहाटेच्या पहिल्या गाडीपासून सोतेत्सुच्या गाड्या आणि बस थांबल्या. वाद होता बस कंपनीत पाठवलेल्या कर्मचाऱ्यांच्या नोकरीच्या अटींचा. त्याच सकाळी संप मिटला.

याच्या अगदी उलट घडलं २०१८ मध्ये. जेआर ईस्टमधल्या सर्वांत मोठ्या संघटनेने संपाची नुसती नोटीस दिली. संप झालाच नाही, पण त्यानंतरच्या काही महिन्यांत तीस हजारांहून जास्त सभासद संघटना सोडून गेले. आज त्या कंपनीत बहुतेक कर्मचारी कुठल्याच संघटनेत नाहीत. म्हणून भांडण ऐकू येत नाही. भांडणाचं कारण मात्र संपलेलं नाही.

(छोटी धून)

आता माणसं कमी का पडतात ते पाहू. पहिलं कारण १९८० च्या दशकातलंच. खासगीकरणाच्या आधी काही वर्षं नवी भरती जवळजवळ थांबली होती. त्यामुळे मधल्या वयाची एक अख्खी पिढीच रेल्वेत कमी आहे. कोकुतेत्सुच्या काळात लागलेले लोक गेल्या दहा-पंधरा वर्षांत निवृत्त झाले, आणि हात धरून शिकवणारे त्यांच्यामागे पुरेसे उरले नाहीत.

दुसरं कारण लोकसंख्या. १९९२ मध्ये जपानमध्ये अठरा वर्षांची मुलं वीस लाखांहून जास्त होती. आता ती सुमारे अकरा लाख आहेत. त्यातून पहाटे चारला उठायचं, स्टेशनवरच मुक्काम करायचा, सणावारी घरी नाही. दुसरी नोकरी मिळत असेल तर हे कोण करणार? बसची तीच कथा. चालक नाहीत म्हणून एप्रिल २०२४ मध्ये योकोहामाच्या सिटी बसला फेऱ्या कमी कराव्या लागल्या, हे बसस्टॉपवर ताटकळलेल्यांना सांगायला नको.

तिसरं कारण पैसा. कोरोनाच्या पहिल्या वर्षी जेआर ईस्टला सुमारे ५७८ अब्ज येनचा तोटा झाला. तेव्हापासून कमी माणसांत काम भागवण्याचा वेग वाढला.

कंपन्यांचं म्हणणंही ऐकायला हवं. त्या म्हणतात, फलाटावर आता सरकते दरवाजे आहेत, चालकासमोर प्रत्येक दाराचं चित्र दिसतं, गाडी नेमक्या जागी आपोआप थांबते. माणसंच मिळणार नसतील तर फेऱ्या बंद करण्यापेक्षा हे बरं. यात तथ्य आहे. रोजच्या दिवशी वानमान गाडीत आपल्याला काही फरकही कळत नाही.

प्रश्न येतो तो वाईट दिवशी. २४ एप्रिल १९५१ ला याच साकुरागिचो स्टेशनात शिरताना लोंबकळणाऱ्या विजेच्या तारेमुळे गाडीने पेट घेतला. दारं उघडली नाहीत, खिडक्यांतून माणूस बाहेर पडू शकत नव्हता. १०६ माणसं गेली. दार हाताने उघडायची सोय गाडीत होती, पण ती कुठे आहे हे प्रवाशांना माहीत नव्हतं. त्यानंतर ती जागा ठळकपणे दाखवायची पद्धत आली. अलीकडे, ऑक्टोबर २०२१ मध्ये, केइओ लाइनच्या गाडीत एकाने चाकूहल्ला करून आग लावली. गाडी कोकुर्यो स्टेशनात फलाटाच्या दरवाज्यांसमोर नीट थांबली नाही, दारं उघडली गेली नाहीत, आणि लोक खिडक्यांतून बाहेर पडले. त्या गाडीत तर गार्ड होता. एकटाच चालक असता तर त्याने गाडी सांभाळायची, नियंत्रण कक्षाशी बोलायचं, की माणसं उतरवायची?

आणि ताणाचाही विचार हवा. एप्रिल २००५ मध्ये आमागासाकीला जेआर वेस्टची गाडी वळणावर घसरली. चालकासह १०७ जण दगावले. चालक अवघा २३ वर्षांचा होता आणि गाडीला जेमतेम दीड मिनिट उशीर झाला होता. चूक झाली की शिक्षेसारखं 'प्रशिक्षण' दिलं जाई, त्याची धास्ती त्याच्या मनात असावी, असं चौकशीत पुढे आलं. कामाच्या जागी मोकळेपणाने बोलता आलं नाही, तर त्याची किंमत प्रवाशालाही मोजावी लागते.

(छोटी धून)

पुढे काय? जुलै २०२४ पासून रेल्वे चालकाच्या परवान्याची वयाची अट विसावरून अठरावर आली. आणि मार्च २०२४ मध्ये सरकारने 'तोकुतेइ गिनो', म्हणजे विशिष्ट कौशल्याच्या व्हिसासाठी रेल्वेचं क्षेत्र खुलं केलं. पाच वर्षांत ३,८०० जणांपर्यंत. त्यात रूळ आणि विजेची कामं, डब्यांची दुरुस्ती आहे, तसंच स्टेशन कर्मचारी, गार्ड आणि चालकही आहेत. या शेवटच्या गटाला जपानी भाषा मात्र जास्त चांगली यावी लागते. दीडशे वर्षांपूर्वी परदेशी चालकांनी सुरू झालेली ही रेल्वे पुन्हा परदेशी माणसांकडे पाहते आहे. आपल्या ओळखीत आयटीआय केलेलं कोणी असेल, तर ही माहिती त्यांच्यापर्यंत जरूर पोहोचवा. आणि नोकरी घेताना करार, पाळ्या आणि संघटनेत जायचा हक्क, तिन्ही समजून घ्या. परदेशी कामगारालाही तो हक्क आहे.

जाता जाता तीन गोष्टी लक्षात ठेवा. डब्यात 'एसओएस' लिहिलेलं बटण कुठे आहे, ते आज जाताना एकदा बघून ठेवा. गावाहून आई-बाबा आले असतील तर त्यांनाही दाखवा. फलाटावर कोणी रुळांत पडलं, तर खांबावरचं लाल बटण दाबा, स्वतः उतरू नका. आणि व्हीलचेअर असेल, तर निघण्याआधी स्टेशनच्या माणसाला सांगा. काही स्टेशनांत आता दिवसभर माणूस नसतो, तिथे इंटरकॉमवरून बोलावं लागतं.

आणि हो, मार्च महिन्यात पगारवाढीच्या वाटाघाटी चालतात. स्टेशनवर 'सुतो'ची पाटी दिसली, तर वैतागण्याआधी मागणी काय आहे ते वाचा. कदाचित ती मागच्या केबिनमधल्या माणसाबद्दल असेल.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार!

(शेवटची धून)