माहिती चौकट : पडद्यावरचे शाहीर

चित्रपट : ‘महाराष्ट्र शाहीर’. प्रदर्शन २८ एप्रिल २०२३. दिग्दर्शक केदार शिंदे, शाहीर साबळे यांचे नातू. शाहिरांच्या भूमिकेत अंकुश चौधरी, संगीत अजय-अतुल.

शाहीर साबळे (१९२३–२०१५) : कृष्णराव गणपतराव साबळे. जन्म ३ सप्टेंबर, पसरणी, ता. वाई. पद्मश्री १९९८. ‘यमराज्यात एक रात्र’सारखी मुक्तनाट्ये आणि ‘महाराष्ट्राची लोकधारा’ हा कार्यक्रम.

राज्यगीत : ‘जय जय महाराष्ट्र माझा’. शब्द राजा बढे, चाल श्रीनिवास खळे, आवाज शाहिरांचा. २०२३ पासून अधिकृत राज्यगीत. शाहिरांच्या जन्मशताब्दीचेही तेच वर्ष!

पोवाडा की लावणी? पोवाडा वीरांचा, घटनांचा. लावणी शृंगाराची, ढोलकीच्या तालावर. पोवाड्याला डफ आणि तुणतुणे. तुणतुण्याला तार एकच. ती छेडत सूर धरून ठेवायचा. मागे झीलकरी ‘जी जी’ची झील धरतात.

वग : तमाशातला कथेचा भाग. मुरबाड तालुक्यात म्हशाच्या यात्रेला (पौष पौर्णिमा) तमाशाचे फड उतरतात. शहापूर-मुरबाडच्या रसिकाला वग काय, हे वेगळे सांगायला नको.

तिकडचा चरित्रपट : ‘गेट ऑन अप’ (२०१४). अमेरिकी गायक जेम्स ब्राउन यांच्यावर. भूमिकेत चॅडविक बोझमन. ब्राउन यांच्या फंकमध्ये ठेक्याचा सगळा जोर पहिल्या मात्रेवर. आपल्याकडे तालाची पहिली मात्रा म्हणजे सम.

आणखी दोन : ‘बालगंधर्व’ (२०११, सुबोध भावे), ‘मी वसंतराव’ (२०२२). दुसऱ्यात आजोबांच्या, वसंतराव देशपांडे यांच्या भूमिकेत नातू राहुल देशपांडे.