मत आपले, पक्ष कोणाचा?

मागच्या व्याख्यानानंतर एका तरुणाने आम्हाला दारातच गाठले. मूळचा रावेरचा, पण नोकरीमुळे मतदार दुसऱ्या जिल्ह्यातला. म्हणाला, "सर, ज्याला मत दिलं तो दुसऱ्याच बाजूला जाऊन बसला. मग माझ्या मताचं झालं काय? पुढच्या वेळी कशाला जायचं?" त्याला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. आजचे बोलणे त्याच्यासाठी आहे.

आधी पक्ष लागतातच कशाला, ते पाहू. आपला रावेर लोकसभा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत तयार झाला. त्यात चोपडा, रावेर, भुसावळ, जामनेर, मुक्ताईनगर आणि बुलढाणा जिल्ह्यातले मलकापूर. सातपुड्यातला आदिवासी, भुसावळचा रेल्वे कामगार, तापीकाठचा केळीवाला, या सगळ्यांचा खासदार एकच. प्रत्येकाचे गाऱ्हाणे वेगळे. वेगवेगळ्या गाऱ्हाण्यांची एक मोळी बांधायची, तिला कार्यक्रम म्हणायचे आणि त्यावर मते मागायची, हे पक्षाचे मूळ काम.

हे काम कसे होते, ते आपल्या शेजारीच घडले आहे. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. अध्यक्ष पंडित नेहरू, आणि धनाजी नाना चौधरींसारखे इथलेच कार्यकर्ते राबणारे. तिथे शेतीविषयक कार्यक्रम मंजूर झाला: शेतसारा आणि खंड कमी करा, कर्जाच्या ओझ्यातून शेतकऱ्याला सोडवा. लगेच १९३७ च्या प्रांतिक निवडणुका झाल्या. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले आणि १९३९ मध्ये कर्जबाजारी शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. गाऱ्हाणे, ठराव, मत, सरकार, कायदा. साखळी अशी असते, बरं का!

पण त्या निवडणुकीत देशभर मताचा अधिकार होता सुमारे तीन कोटी लोकांना. मालमत्ता, कर किंवा शिक्षण असेल तर मत. म्हणजे फैजपूरच्या मांडवात बसलेल्या अनेक शेतमजुरांना मतच नव्हते. ते मिळाले १९५१-५२ मध्ये. तेव्हा मतदार झाले सतरा कोटींवर.

आता मोजणीकडे वळू. आपल्याकडे ज्याला सर्वांत जास्त मते, तो निवडून येतो. शंभरातली चाळीस एकाला, पस्तीस दुसऱ्याला, पंचवीस तिसऱ्याला पडली, तर चाळीसवाला जिंकला. साठ जणांना तो नको होता, तरीही. २०१४ मध्ये भाजपला सुमारे ३१ टक्के मतांवर लोकसभेच्या २८२ जागा मिळाल्या. १९८४ मध्ये काँग्रेसला निम्म्याहून थोडी कमी मते होती, जागा मात्र चारशेवर. यात लबाडी कोणाची नाही, पद्धतच तशी आहे. तिचा फायदा असा की आपला प्रतिनिधी कोण, हे गावाला नेमके ठाऊक असते. तोटा असा की हरलेल्या मतांचा आवाज सभागृहात पोचत नाही.

आता त्या तरुणाचा प्रश्न. गंमत अशी की आपल्या मूळ राज्यघटनेत राजकीय पक्षांचा उल्लेखच नव्हता. तो आला १९८५ मध्ये, पक्षांतरबंदीसाठी दहावे परिशिष्ट जोडले तेव्हा. त्यात एक तृतीयांश आमदार फुटले तर सूट होती; २००३ मध्ये ती काढली. तरी प्रश्न सुटला का? नाही. उलट २०२२ आणि २०२३ मध्ये महाराष्ट्रात नवाच प्रश्न उभा राहिला. दोन्ही गट म्हणाले, "पक्ष आम्हीच!"

मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रतोद नेमायचा तो राजकीय पक्षाने, विधिमंडळ पक्षाने नव्हे. छान. पण राजकीय पक्ष म्हणजे कोण? शिवसेना आणि राष्ट्रवादी, दोन्ही प्रकरणांत निवडणूक आयोगाने नाव आणि चिन्ह देताना शेवटी भर दिला तो आमदार-खासदारांच्या बहुमतावर. निकाल बरोबर की चूक, तो वाद वेगळा. आमचे लक्ष कारणाकडे आहे. पक्षाच्या आत नीट निवडणुका होत नसतील, तर सभासदांचा कौल मोजायचा कसा? मग मोजता येण्यासारखे उरतात फक्त निवडून आलेले.

इथे आपले मत हरवते. मतदानयंत्रावर नावे येतात ती तिकीट वाटपातून. ते वाटप बंद खोलीत होते आणि आपण त्या खोलीच्या बाहेर असतो. रूसो इंग्रजांना टोमणा मारायचा, की ते निवडणुकीपुरतेच स्वतंत्र असतात. तो आपल्याला लागू पडू द्यायचा की नाही, हे आपल्या हातात आहे.

म्हणून त्या तरुणाला आमचे उत्तर असे: बाबा, मतदान सोडू नकोस. तू घरी बसलास तर चाळीसवाल्याला पस्तीसही पुरतील. पण एवढ्यावर थांबूही नकोस. जो पक्ष पटतो त्याचा सभासद हो, आणि तालुक्याच्या बैठकीत उभा राहून विचार: आपला अध्यक्ष निवडला कोणी, उमेदवार ठरवला कोणी? पहिल्यांदा लोक हसतील. दुसऱ्यांदा गप्प बसवतील. विचारणारे दहा झाले, की उत्तर द्यावे लागेल.

आम्ही स्वतः चाळीस वर्षे वर्गात लोकशाही शिकवली, पण असा प्रश्न कुठल्या बैठकीत जाऊन विचारला नाही. ते राहूनच गेले. तुमचे राहू नये, एवढे सांगून थांबतो.