रुंद पट्ट्याची गंमत

दोस्तांनो, ‘ब्रॉडबँड’ या शब्दाचा सरळ अर्थ काय? रुंद पट्टा! आता तुम्ही म्हणाल, इंटरनेटचा आणि पट्ट्याचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो आहे तुमच्या आजोबांच्या काळ्या टेलिफोनशी.

माणसाचं बोलणं कळायला सगळ्या लहरी लागत नाहीत. सेकंदाला साधारण ३०० ते ३४०० कंपनं, एवढा चिंचोळा पट्टा पुरतो. टेलिफोनवर तेवढाच वापरत. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू झालं, तेव्हा मोडेम नावाची डबी याच पट्ट्यातून माहिती ढकलायची. आधी नंबर फिरवायचा, मग कुंई-खर्रर्र असा आवाज, मग कुठे जोडणी! बरं, दादा इंटरनेटवर बसला की घरचा फोन एंगेज. मामा बिचारे तासभर नंबर फिरवत बसायचे.

पण खरी गंमत पुढेच आहे. त्याच तांब्याच्या तारेतून कितीतरी वरच्या लहरीही जाऊ शकतात, त्या नुसत्या रिकाम्या पडून होत्या! इंजिनिअरांनी त्या वापरात आणल्या. खालच्या पट्ट्यात आजीच्या गप्पा, वरच्या रुंद पट्ट्यात इंटरनेट, आणि तार एकच. दोघांची भांडणं नाहीत, शिवाय जोडणी चोवीस तास चालू. हेच घरोघरी आलेलं पहिलं ब्रॉडबँड. बोळातून एका वेळी एकच सायकल जाते, हमरस्त्यावरून दहा जातात, तसंच हे. सायकली तेवढ्याच वेगाने पळतात बरं का, फक्त एकदम जास्त निघतात.

आता तांब्याच्या जागी केसासारखी बारीक काचेची तार येते. तिच्यातून प्रकाश धावतो, सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर!

थोडं गणित करू या. जाहिरातीत लिहितात ‘५० एमबीपीएस’. यातला ‘बी’ म्हणजे बिट. फोटो मात्र आपण बाइटमध्ये मोजतो, आणि ८ बिटांचा १ बाइट. म्हणून ५० ला ८ ने भागा. सेकंदाला जेमतेम सव्वासहा मेगाबाइट! ३ मेगाबाइटचा फोटो अर्ध्या सेकंदात येईल. जुन्या ५६ हजार बिटांच्या मोडेमवर त्यालाच सात मिनिटं लागली असती. आणि जाहिरातीत ‘पर्यंत’ हा शब्द बारीक अक्षरांत असतो, तोही बाबांना वाचायला लावा. घरातले चौघं एकदम बसले की तोच रस्ता चौघांत वाटला जातो.

किती वेग असला की ब्रॉडबँड म्हणायचं, हे सरकार ठरवतं. २००४ साली सेकंदाला २५६ किलोबिट पुरे होते, २०१३ मध्ये ५१२ झाले आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट. म्हणजे २००४ चं ब्रॉडबँड आज त्या नावालाही पात्र नाही!

आणखी एक. पुष्कळ जोडण्यांत येण्याचा रस्ता रुंद आणि जाण्याचा अरुंद असतो. सिनेमा पाहायला तेवढं चालतं. पण २०२० साली शाळा घरात आल्या, तेव्हा बाईंचा आवाज स्वच्छ यायचा आणि उत्तर देणाऱ्या मुलाचा चेहरा मात्र पडद्यावर तोंड उघडून थिजलेला असायचा. म्हणून नवी जोडणी घेताना दुकानदाराला दोन्ही आकडे विचारा, येण्याचा आणि जाण्याचा.